हिप-हॉपची मानवंदना आणि आपले जलसे

५ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे झालेल्या ग्रॅमी पुरस्कार समारंभात हिप-हॉप या गानप्रकाराला पन्नास वर्षे पूर्ण होत असल्याच्या निमित्ताने त्याच्या आद्य कलावंतांना मानवंदना देण्यात आली. हा समारंभ दूरचित्रवाणीवरून दाखविला गेला आणि त्यातला मानवंदनेचा भाग आजही मोबाईलवर पाहता येतो. भिगवणच्या महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्या माणसाने अशा कार्यक्रमावर या पानांत का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. उत्तर साधे आहे. माझ्या वर्गातील वस्तीवरची मुले रॅप ऐकतात, मराठीतून स्वतः रचतात, आणि त्यात बाबासाहेब, वस्ती, शिष्यवृत्ती, बेकारी हे सगळे येते. ही मानवंदना त्यांनी पाहिली आणि तिच्यावरून वर्गात व शिक्षकांच्या खोलीत बरीच चर्चा झाली. त्या चर्चेत जी मते पुढे आली त्यांची चिकित्सा झाली पाहिजे, कारण तो प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही.

प्रथम हा गानप्रकार कोणत्या जमिनीतून उगवला ते पाहू. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत एका मुलीने शाळेच्या नव्या वर्षाच्या कपड्यांसाठी पैसे जमावेत म्हणून नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. तिचे नाव सिंडी कॅम्पबेल. तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क, तबकड्या वाजवीत होता. हे कुटुंब जमैकातून आलेले. गाण्यात शब्द थांबून नुसता ताल उरतो तेव्हा लोक जास्त नाचतात, हे हर्कने हेरले होते. एकच तबकडी दोन यंत्रांवर लावून तो तेवढाच तुकडा लांबवीत असे आणि त्यावर ध्वनिक्षेपकातून लोकांना पुकारीत असे. त्या पुकारातून पुढे तालावर बोललेले, यमकांनी बांधलेले कवन तयार झाले. तोच रॅप.

याच ब्राँक्समधून १९४८ पासून एक रुंद महामार्ग कापीत नेण्यात आला. हजारो कुटुंबे उठविली गेली. पुढे घरमालकांनी विम्याच्या पैशांसाठी इमारती जाळल्या, नोकऱ्या गेल्या. भिगवणच्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याने भीमाकाठची गावे गिळली. पळसदेवचे जुने देऊळ पाणी ओसरले की अजून वर येते. पण ज्याच्या नावावर जमीन नव्हती, जो बलुत्यावर किंवा मजुरीवर जगत होता, त्याचे जे बुडाले ते कोणत्याही उन्हाळ्यात वर येत नाही. आज कॅमेरे भिगवणला येतात ते हिवाळ्यात, रोहित पक्ष्यांसाठी. पक्षी सुंदर आहेत, याविषयी वाद नाही. पण कॅमेरा काय दाखवितो आणि काय चौकटीबाहेर ठेवतो, हा प्रश्न आपल्या अंगणातलाच आहे.

आता प्रत्यक्ष कार्यक्रमाकडे वळू. क्वेस्टलव्ह या कलावंताने त्याची आखणी केली होती. ग्रँडमास्टर फ्लॅश, मेली मेल, रन-डीएमसी, सॉल्ट-एन-पेपा, रकीम, पब्लिक एनिमी, क्वीन लतीफा, मिसी इलियट अशा पंचवीसहून अधिक कलावंतांना एका मंचावर आणणे सोपे काम नव्हे. पिढ्यांची साखळी दिसली. स्त्रिया शोभेपुरत्या नव्हत्या, स्वतःच्या आवाजात होत्या. साठीला टेकलेली माणसे पंचविशीतल्या पोरांशेजारी त्याच तडफेने उभी होती. ती कोणाच्याही मेहरबानीने तिथे आलेली नव्हती, हे त्यांच्या उभे राहण्यातून कळत होते.

तरीही हिशेब मांडला पाहिजे. सगळा प्रयोग सुमारे पंधरा मिनिटांचा. पंचवीसजणांत वाटणी केली तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम अर्धे मिनिट येते. अर्ध्या मिनिटात ओळख पटते, टाळी पडते. विचार पोचत नाही. १९८२ साली आलेले ‘द मेसेज’ हे गाणे मोडक्या वस्तीतले जगणे, त्यातली घुसमट आणि त्या घुसमटीत संपून जाणारा तरुण यांचे कडव्यामागून कडवे उभे केलेले चित्र आहे. त्याचा तुकडा वाजला, लोक नाचले आणि तुकडा संपला. गाण्याने विचारलेला प्रश्न मात्र सभागृहाबाहेरच राहिला.

हर्क सादर करणाऱ्यांच्या यादीत नव्हता. हा केवळ मानापमानाचा मुद्दा नाही. २०११ साली तो आजारी पडला तेव्हा त्याच्याजवळ आरोग्यविमा नव्हता आणि मित्रांना लोकांपुढे हात पसरावे लागले. त्याच्याही आधी, २००७ साली, सेजविक अव्हेन्यूची ती इमारत नफेखोरांच्या हाती जाऊन भाडेकरू बेघर होतील अशी वेळ आली, तेव्हा हर्क भाडेकरूंच्या बाजूने उभा राहिला होता. ज्या प्रकारावर कंपन्यांनी अमाप पैसा मिळविला त्याच्या जनकाला दवाखान्याचे बिल जड जाते, आणि ज्या घरात तो जन्मला त्या घरातल्या माणसांना डोक्यावरचे छप्पर राखण्यासाठी भांडावे लागते. मानवंदनेत या गोष्टीला जागा नव्हती, कारण ही गोष्ट आली असती तर मानवंदना देणाऱ्यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले असते.

या कार्यक्रमावर आमच्याकडे प्रामुख्याने तीन मते ऐकू आली.

पहिले मत असे की हा विजय आहे. ज्यांना दारात उभे केले जात नव्हते त्यांना आता सिंहासन मिळाले. या मताला आधार आहे. १९८९ साली ग्रॅमीने रॅपसाठी प्रथमच पुरस्कार ठेवला, पण तो देण्याचा प्रसंग दूरचित्रवाणीवर दाखविण्यास नकार दिला. म्हणजे घरात घ्यायचे, पण पंगतीत बसवायचे नाही. आपल्याला ही रीत नवीन नाही. तेव्हा अनेक कलावंतांनी समारंभावर बहिष्कार टाकला. चौतीस वर्षांनी त्याच मंचाने पंधरा मिनिटे दिली, ती या बहिष्काराची आणि लोकप्रियतेच्या रेट्याची कमाई आहे. म्हणून विजय म्हणावयाचे असेल तर बहिष्कार घालणाऱ्यांचा म्हणावा. यजमानाच्या औदार्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही.

दुसरे मत आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे. हा सारा गोंगाट आहे, त्यात शिव्या, पैशाचा माज आणि स्त्रीची विटंबना आहे, चळवळीला त्याचे काय? हे दोष खरे आहेत आणि ते झाकू नयेत. त्यांवर सर्वांत कडक टीका त्या समाजातील स्त्रियांनीच केली आहे आणि क्वीन लतीफाने तर ती गाण्यातूनच केली. पण एखाद्या प्रकाराचा बाजारू भाग पाहून त्याच्या मुळालाच नाकारणे हा न्याय आपल्याला परिचित आहे. दलित कवितेलाही एकेकाळी शिवराळ म्हणून बाहेर बसविले होते. तेव्हा आपण म्हटले होते की भाषा पाहण्याआधी ती कोणत्या जगण्यातून आली ते पाहा. तो निकष आपल्यासाठी एक आणि काळ्यांसाठी दुसरा असू शकत नाही.

तिसरे मत विद्यार्थ्यांचे: आपल्या शाहिरांना असे कधी दाखविणार? या प्रश्नाने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले, कारण त्यात आपल्या परंपरेवरचा दावा आहे.

काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते आजचे नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्युबॉय यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन, आणि डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या ग्रंथाने काळ्यांचे साहित्य मराठी वाचकापर्यंत आणले. पण या नात्यात आपण कविता, कादंबरी, आत्मकथन यांचीच तुलना केली. गाण्याची तुलना फारशी केली नाही. वास्तविक खरे साम्य तिथे आहे. आंबेडकरी जलशाने तमाशाचा साचा घेतला, त्यातला देव आणि शृंगार बाजूला सारला आणि समतेचा विचार भरला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्षरशत्रू माणसाला ढोलकीच्या तालावर राजकारण शिकविले. हाती जे वाद्य, जो साचा होता त्यालाच नवे काम लावायचे, हीच गोष्ट हर्कने दोन तबकड्यांनी केली.

आणखी एक साम्य मला महत्त्वाचे वाटते. रॅप करणारा आपले नाव गाण्यातच उच्चारतो. आपल्याकडे वामनदादा कर्डक शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफीत. संतांपासून शाहिरांपर्यंत चालत आलेली ही नाममुद्रा म्हणजे गरिबाचे मालकीपत्र आहे. ज्याच्याकडे छापखाना नाही, वकील नाही, त्याने आपला हक्क गाण्यातच नोंदवून ठेवला. मग वाहिनीवर हे गाणे येते तेव्हा काय होते? वेळ कमी म्हणून गाणे कापतात. मुखडा ठेवतात, पहिले कडवे ठेवतात, शेवटचे उडवितात. म्हणजे सर्वांत आधी कवीचे नाव जाते. श्रद्धांजलीच्या कार्यक्रमातच माणसाची मालकी पुसली जाते, आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही.

आपल्या पूर्वसुरींचे गौरव होत नाहीत असेही नाही. अण्णा भाऊ साठे १९६९ साली हलाखीत गेले. २००२ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले आणि २०२२ साली मॉस्कोत पुतळा उभा राहिला. विठ्ठल उमप यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर, एका बौद्ध दूरचित्रवाहिनीच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमात, मंचावरच देह ठेवला. मेलेल्या शाहिराचे तिकीट काढणे सोपे असते. जिवंत शाहिराचा प्रश्न ऐकणे अवघड असते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहाजण मारले गेले आणि त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या २०११ सालच्या माहितीपटात घोगरे येतात ते त्यांच्या वस्तीसह, त्या रक्तासह, त्यांच्या मागे राहिलेल्या माणसांसह. त्या चित्रपटाला चौदा वर्षे लागली आणि तो सुमारे तीन तास चालतो. पडद्यावरची मानवंदना कशी असावी याचा तो नमुना मी मानतो. आणि त्याच चित्रपटात गाणाऱ्या कबीर कला मंचाच्या तरुणांना २०१३ व २०२० मध्ये तुरुंग पाहावा लागला, हेही याच इतिहासाचे पान आहे.

म्हणून कोणत्याही मानवंदनेला मी तीन प्रश्न विचारतो. शब्द पुरे ऐकू येतात काय? ज्या जमिनीतून ते आले ती दिसते काय? आणि ज्याने ते रचले त्याला, किंवा त्याच्या घराला, काही मिळते काय? ग्रॅमीची मानवंदना पहिल्या कसोटीला अर्धवट उतरते, दुसऱ्या आणि तिसऱ्या कसोटीला उतरत नाही. आपल्याकडच्या १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या कार्यक्रमांनाही हेच प्रश्न लावावेत. वाहिन्या आपल्या शाहिरांना कधी दाखवतील, याची वाट पाहणे हा मला मार्ग वाटत नाही. त्यांनी दाखविले तर त्यांच्या सोयीने दाखवतील.

मार्ग आपल्या हातात आहे आणि तो फार खर्चाचा नाही. इंदापूर-बारामतीच्या वस्त्यांत जयंतीला गाणारी म्हातारी माणसे अजून आहेत. त्यांच्या तोंडी असलेली गाणी शेवटच्या कडव्यासह उतरवून घ्यावीत. कोणी रचले, कुठे गायले, कोणत्या प्रसंगाने गायले हे गाणाऱ्याकडून विचारून लिहावे. मुलांच्या हातातला मोबाईल या कामाला पुरेसा आहे. रॅप करणाऱ्या पोरांना मी एवढेच सांगतो की ताल कुठलाही घ्या, पण आधी आपल्या वस्तीतले एक जुने गाणे पूर्ण पाठ करा, नावासकट. शिक्षकांनी हे काम अभ्यासक्रमाच्या बाहेरचे समजू नये. विद्यापीठाने ते मान्य केले नाही तरी ते करावे लागेल, कारण गाणारी माणसे विद्यापीठाच्या मान्यतेसाठी थांबणार नाहीत. दरवर्षी त्यांतले दोघे-चौघे जातात आणि त्यांच्याबरोबर कडवी जातात.