तीन दरवाजा आणि लेकीचा वाटा

अहमदाबादच्या तीन दरवाज्याविषयी बोलताना कमानींची तारीफ सगळेच करतात. ती वावगी नाही. पंधराव्या शतकाच्या आरंभीचं, अहमदशहाच्या काळातलं हे काम. मधली कमान १७ फूट रुंद, बाजूच्या दोन १३-१३ फूट. पण ही तटातली वेस नव्हे. भद्र किल्ल्यासमोरच्या शाही मैदानाच्या तोंडाशी, शहराच्या आतच ती उभी आहे. शत्रूला अडवायचं कामच तिला नव्हतं. सुलतानाची स्वारी तिच्यातून जामा मशिदीकडे जायची. म्हणजे वास्तू मुळातच लोकांना काही दाखवायला, सांगायला बांधलेली.

त्याच दरवाज्यावर देवनागरीतला एक लेख आहे, १८१२ सालचा. मराठ्यांचे सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांचा हुकूम. आशय एवढाच: बापाच्या मिळकतीत मुलीला तिचा वाटा विनाहरकत मिळावा, मोडेल त्या हिंदूनं महादेवाला आणि मुसलमानानं अल्लाला जाब द्यावा. दंड किती, तुरुंग किती, काही नाही! काही जण याला पोकळ हुकूम म्हणतील. आम्हाला तसं वाटत नाही. दोन्ही समाजांना एकच कर्तव्य सांगून, जाब मात्र ज्याच्या त्याच्या देवाकडे सोपवलाय. पण सरकारनं त्यात आपले हात मोकळे ठेवले, हेही खरंच.

आता गंमत पाहा. तिथे सांगितली जाते ती गोष्ट वेगळीच. शहर सोडून निघालेल्या लक्ष्मीला कोतवालानं थांबवलं, बादशहाची परवानगी आणतो म्हणाला, आणि ती जाऊच नये म्हणून स्वतःचं शिर दिलं. तिच्या नावानं दरवाज्यात दिवा तेवतो, तो एक मुसलमान घराणं सांभाळतं. गोष्ट सुंदर आहे. पण तिच्यातली लक्ष्मी राहते म्हणून प्यारी. शिलालेखातली लेक आपला वाटा घेऊन निघते. तिची गोष्ट कुणी सांगत नाही.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीनं जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती देशभर २००५ साली झाली. आणि आपल्याकडे हक्कसोडपत्र नावाचा कागद आहेच. आम्हीही, वडिलांचं घर नावावर करताना, धाकट्या बहिणीकडून तो घेतला. त्या वर्षी वर्गात न्यायाची संकल्पना शिकवत होतो. तिनं कागद वाचला नाही. सही कुठे करू, एवढंच विचारलं.