बालपणींचा पहिला चित्रपट : एका स्मरणप्रकाराचा विचार

आत्मचरित्र लिहावयास बसलेल्या मनुष्याला बालपणांतील कांहीं प्रसंग टाळतां येत नाहींत : पहिली शाळा, पहिला मार, घरांतील पहिला मृत्यु. गेल्या शतकांत या मालिकेंत आणखी एका प्रसंगाची भर पडली, ती पहिल्यानें पाहिलेल्या चित्रपटाची. आत्मचरित्रांतून आणि दिवाळी अंकांतून हा प्रसंग इतक्या वेळां येऊन गेला आहे कीं, त्याचा आतां एक ठसाच तयार झाला आहे. दिवे मालवले, पडदा उजळला, लेखक भारावून गेला आणि घरीं परतला तो निराळाच होऊन ! असें लेखन वाचून लेखकाच्या भारावलेपणाची खात्री पटते. त्यानें पाहिलें काय, हें मात्र कळत नाहीं. गोड म्हणून असलें लेखन आपण सोडून देतों. परंतु त्याची परीक्षा करावयाची तर ती कोणत्या कसोटीवर, याचा विचार येथें करावयाचा आहे.

इतक्या साध्या लेखनाला कसोटी कशाला, असें कोणी म्हणेल. त्याचें कारण असें कीं, आपल्या देशांत मूकपटांच्या काळीं निघालेल्या चित्रपटांपैकीं फारच थोडे आज शिल्लक आहेत. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईस कॉरोनेशन चित्रपटगृहांत लोकांपुढें आला. तोही आज तुटक स्वरूपांतच पाहावयास मिळतो. नायट्रेटच्या जुन्या फिती सहज पेट घेतात व ठेवल्या ठिकाणीं कुजतातही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यास स्थापन झालें तें १९६४ सालीं. तोंवर पुष्कळ कांहीं नाहींसें झालें होतें. पुढें ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यांतच लागलेल्या आगींत जतन केलेल्या फितींपैकींही बऱ्याच भस्मसात् झाल्या. जेथें मूळ कृतिच उरली नाहीं, तेथें ती पाहिलेल्या मुलाची आठवण हाच काय तो पुरावा. साक्षीदारानें गोड बोलावें अशी कोणाची अपेक्षा नसते. खरें बोलावें एवढीच असते.

ही साक्ष दोन प्रकारांनीं बिघडते. पहिला प्रकार उसन्या आठवणीचा. पडद्यावरील आगगाडी अंगावर येते आहे असें वाटून लुमिएर बंधूंच्या पहिल्या खेळास आलेले प्रेक्षक पळत सुटले, ही कथा सर्वतोमुखीं आहे. वस्तुस्थिति अशी कीं, पॅरिस येथें २८ डिसेंबर १८९५ रोजीं झालेल्या त्या खेळांत आगगाडीचें चित्र नव्हतेंच. तें ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांतील खेळांत होतें. परंतु अशा पळापळीला तत्कालीन भरंवशाचा आधार कोठेंच मिळत नाहीं. तरीही पडद्यावरील गाडीला भिऊन आईच्या पदराआड लपलेलें मूल आठवणींतून वारंवार भेटतें. तें मूल आठवलेलें, कीं ऐकलेलें ?

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. फाळके यांनीं १९१०-११ च्या सुमारास मुंबईंत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला. तो पाहतांना आपल्या मनश्चक्षूंपुढें राम-कृष्ण उभे राहिले, असें त्यांनीं पुढें 'नवयुग' मासिकांत लिहिलें. ही आठवण बालपणींची नव्हे, चाळिशींतील गृहस्थाची आहे. आणि ती खोटी आहे असेंही आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु ती लिहिली गेली तेव्हां लेखक यशस्वी चित्रपटकार झाला होता. वृक्ष वाढल्यावर बीजांत तो पाहणें सोपें असतें. फाळक्यांना तो अधिकार होता; त्यांच्या मागून येणारा प्रत्येक जण आपल्या बालपणाला कीर्तीची नांदी करूं लागला, कीं वाचकानें सावध व्हावें.

याच्या उलट सत्यजित राय पाहावे. 'जखन छोट छिलाम' या बालपणींच्या आठवणींत त्यांनीं एक लहानसा प्रसंग सांगितला आहे. टारझनच्या चित्रपटाचीं तिकिटें मिळालीं नाहींत, म्हणून मुलाला 'काल परिणय' हा बंगाली मूकपट दाखविण्यांत येतो. हा खेळ मुलांसाठीं नाहीं, हें सोबतच्या वडीलधाऱ्यांच्या ध्यानांत येतें. घरीं जावयाचें का, असें ते विचारतात, आणि मूल न ऐकल्यासारखें करून पडद्याकडे पाहत राहतें. एवढ्या मोठ्या दिग्दर्शकाच्या कीर्तींत या प्रसंगानें कसलीही भर पडत नाहीं. आणि म्हणूनच त्यावर विश्वास बसतो.

झां-पॉल सार्त्रचें 'ले मो' (१९६४) हें आत्मकथन याहून अवघड उदाहरण आहे. आजोबांना चित्रपटाचें वावडें; आई मात्र हौसेनें नेते. नाट्यगृहांत माणसें प्रतिष्ठेप्रमाणें वांटून बसलेलीं. येथें सारीं एकाच गैरसोयींत दाटीनें बसतात. ही उघडीवाघडी समता पुढें आपणांस १९४० सालीं युद्धबंद्यांच्या छावणींतच पुन्हा भेटली, असें तो सांगतो. येथेंही उत्तरायुष्य बालपणांत शिरलें आहे, हें उघड आहे. परंतु त्यानें आधीं ती जागा, तो वास, तो पियानो वाचकाच्या स्वाधीन केला आणि अर्थ मागाहून सांगितला. अर्थ न पटला तरी वस्तु आपल्या हातीं राहते. वस्तु आधीं आणि अर्थ नंतर, हीच आमची कसोटी.

या कसोटीनें पाहतां आपल्याकडील किती गोष्टी लिहावयाच्या राहून गेल्या ! मूकपटांतील पाट्या निरक्षर शेजाऱ्याला कोण वाचून दाखवीत असे ? स्त्रियांची निराळी बसण्याची जागा कोठें असे, आणि मुलगा तेथून कोणत्या वयांत उठविला जाई ? 'राजा हरिश्चंद्र'मधील तारामती म्हणजे अण्णा साळुंके; 'लंकादहन' (१९१७) मध्यें राम तेच आणि सीताही तेच. हें मुलांना कळत होतें काय ? कळत असूनही सीतेसाठीं त्यांचे डोळे भरून येत होते काय ? फीत सुरक्षित राहिली असती तरी या प्रश्नांचें उत्तर तिच्यांत मिळालें नसतें. तें पाहणाऱ्या मुलापाशींच होतें, आणि तीं मुलें आतां राहिलीं नाहींत.

आज एकपडदा चित्रपटगृहें एकामागून एक बंद होत आहेत. त्यांच्या लाकडी खुर्च्यांवर बालपण घालविलेली आमची पिढी पन्नाशी ओलांडून आठवणी लिहावयास बसण्याच्या वयाला आली आहे. तिला एवढेंच विनवावें कीं, आपण किती भारावलों हें थोडें कमी सांगावें. तिकीट कितीचें होतें, शेजारीं कोण बसलें होतें, कोणाला घरींच ठेवलें होतें आणि मध्यंतरांत काय खाल्लें, हें आठवत असेल तेवढें लिहावें. आठवत नसेल तेथें जागा कोरी सोडावी. कोरी जागा उद्यांच्या अभ्यासकाला फसवीत नाहीं. गोड वाक्य फसवितें.