'ती' जहाज : सर्वनाम, रूपक आणि हार्डीची एक कविता

इंग्रजीत जहाजाचा निर्देश 'शी' या स्त्रीवाचक सर्वनामाने का होतो, या प्रश्नाला सामान्यतः दिली जाणारी उत्तरे बहुतांशी पश्चात्बुद्धीची आहेत. जहाज आईसारखे पोटात सांभाळते, प्रेयसीसारखे लहरी असते, देवतेसारखे रक्षण करते, ही ती उत्तरे. ती खोटी आहेत असे नव्हे. ती एकाच वेळी खरी ठरू शकतात, यातच त्यांचा दुबळेपणा आहे. ज्या संकेताला माता, प्रेयसी आणि देवता ही तिन्ही विसंगत कारणे सारख्याच सहजतेने लागू पडतात, त्या संकेताचे मूळ त्यांपैकी कोणत्याही एकात नसण्याचीच शक्यता अधिक.

व्याकरणाचा आधारही पुरेसा नाही. लॅटिन आणि ग्रीक भाषांतील जहाजवाचक नामे स्त्रीलिंगी आहेत हे खरे. पण प्राचीन इंग्रजीतील 'स्किप' नपुंसकलिंगी होते. नामांचे व्याकरणिक लिंग इंग्रजीतून गळून पडल्यानंतर हे 'शी' टिकले, म्हणजे ते नामाकडून वारशाने आलेले नाही. बेन जॉन्सनच्या १६४० साली, मरणोत्तर, प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी व्याकरणात याची नोंद आहे : जहाजाचे नाव हर्क्युलिस किंवा हेन्री असले तरी त्याला स्त्रीवाचक सर्वनामच लागते. ज्या युद्धनौकेच्या जातिनामातच 'मॅन' आहे, तीही 'शी'च. ऑलिव्हर वेंडेल होम्स या अमेरिकी विधिज्ञाने 'द कॉमन लॉ' (१८८१) या ग्रंथात, सागरी कायदा खुद्द जहाजालाच जबाबदार का धरतो याची चर्चा करताना, अचेतन वस्तूंना चेतन मानण्याच्या प्रवृत्तीकडे बोट दाखवले आहे आणि या संदर्भात जहाजाच्या लिंगाचाही उल्लेख केला आहे. म्हणजे हे सर्वनाम केवळ शब्दरूप नाही. ती एक रूढ झालेली, झिजलेली चेतनगुणोक्ती आहे. 'लॉइड्स लिस्ट' या नौकानयनविषयक वृत्तपत्राने २००२ साली 'शी' टाकून 'इट' स्वीकारले तेव्हा झालेला गहजब पाहता, झिजलेली नाणीही चलनातून सहज काढता येत नाहीत असे दिसते.

मराठी वाचकाला या प्रश्नातली अडचण चटकन जाणवत नाही, कारण मराठीत ती अडचणच नाही. होडी, नौका, आगबोट स्त्रीलिंगी. मचवा आणि पडाव पुल्लिंगी. जहाज, गलबत, तारू नपुंसकलिंगी. 'ती होडी' म्हणणाऱ्या कोळ्याच्या मनात स्त्री असतेच असे नाही, आणि 'तो पडाव' म्हणताना पुरुष नसतो. लिंग सर्वांनाच सक्तीने वाटलेले असल्यामुळे ते कोणालाही विशेष अर्थ देत नाही. अर्थात हेही पूर्ण सत्य नव्हे. रोमान याकबसनने भाषांतरविषयक आपल्या १९५९ च्या निबंधात दाखवले आहे की काव्यात आणि पुराणकथेत व्याकरणिक लिंगही जागे होते : जर्मन चित्रकार पापाला स्त्रीरूपात रंगवतात याचे रशियन चित्रकार रेपिनला नवल वाटले, कारण त्याच्या भाषेत पाप पुल्लिंगी होते. तरीही फरक उरतोच. मराठीत लिंग झोपलेले असते, ते कवीने जागे करायचे. इंग्रजीत जहाजापुरते ते एकटेच जागे असते आणि सवयीमुळे कोणी त्याच्याकडे पाहत नाही.

ही सवय बाहेरून आलेल्याला अधिक नेमकी दिसते. जोसेफ कॉनरॅडची मातृभाषा पोलिश, दुसरी भाषा फ्रेंच. दोहोंतही जहाजाचे रूढ शब्द पुल्लिंगी. १८७८ साली ब्रिटिश जहाजावर पाऊल ठेवल्यानंतर त्याने इंग्रजी आत्मसात केली, ती या 'शी'सह. 'द शॅडो-लाइन' (१९१७) मधील तरुण कप्तान आपल्या पहिल्या जहाजाला प्रथम पाहतो, तेव्हा निवेदन सर्वनामावर थांबत नाही. विरळा स्त्रीची आणि उमद्या अरबी घोड्याची उपमा योजून ते त्या संकेताची फेड करते. जन्मजात इंग्रजी भाषकाला जे फुकट मिळाले होते, त्याची किंमत कॉनरॅड मोजतो असे म्हणता येईल.

परंतु या संकेताचा सर्वांत निर्मम उपयोग टॉमस हार्डीने केला. 'द कन्व्हर्जन्स ऑफ द ट्वेन' ही त्याची कविता १५ एप्रिल १९१२ रोजी बुडालेल्या 'टायटॅनिक'वर, दुर्घटनाग्रस्तांच्या मदतनिधीच्या कार्यक्रमासाठी लिहिली गेली. प्रत्येकी तीन ओळींची अकरा कडवी. पहिल्या पाच कडव्यांत जहाज समुद्रतळाशी पडलेले आहे : श्रीमंतांचे रूप दाखवण्यासाठी बसवलेल्या आरशांवरून समुद्रकृमी सरपटत आहेत, रत्ने निस्तेज झाली आहेत. सहाव्या कडव्यापासून कविता मागे वळते. जहाज बांधले जात असतानाच विश्वाला चालवणारी अंध इच्छाशक्ती त्याच्यासाठी एक जोडीदार घडवत होती, तो म्हणजे हिमनग. जहाज उंचीने, डौलाने, रंगाने वाढत गेले, तिकडे दूर अंधारात तोही वाढत गेला. अखेरीस काळाचे सूत कातणारी शक्ती एक शब्द उच्चारते आणि मीलन घडते. त्या मीलनासाठी हार्डी योजतो तो शब्द विवाहाच्या शरीरसंबंधात्मक पूर्ततेचा आहे.

येथे रूढ 'शी'चे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या कडव्यात ते सर्वनाम निरुपद्रवी वाटते. कोणीही इंग्रज तेच वापरील. सातव्या कडव्यात जोडीदार येतो आणि मागची सगळी सामग्री वेगळी दिसू लागते. आरसा आणि अलंकार ही पाश्चात्त्य चित्रपरंपरेतील 'व्हॅनिटी'ची, म्हणजे आत्ममग्न स्त्रीची, ठरलेली चिन्हे. वाढत्या जहाजाचे वर्णन उपवर मुलीचे आहे. 'टायटॅनिक'ची योजना करणारे, ते बांधणारे, त्याच्या अजिंक्यतेवर विश्वास ठेवणारे जवळजवळ सर्व पुरुष होते. त्यांचा गर्व मात्र कवितेत एका स्त्रीदेहावर चढवला जातो आणि शिक्षाही त्या देहाला मिळते. हार्डीला न्याय द्यायचा तर हेही सांगितले पाहिजे की गर्व मानवी आहे आणि जहाजाची आखणी त्या गर्वाने केली, हे तो पहिल्याच कडव्यात नमूद करतो. पण एकदा रूपक चालू लागले की ही नोंद मागे पडते. दीड हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांपैकी एकही कवितेत नाही. मदतनिधीसाठी लिहिलेल्या कवितेत हे घडावे, हा तिच्या थंडपणाचा भाग आहे, आणि ती थोर असण्याचाही.

हिमनगाला हार्डी पुरुषवाचक सर्वनाम देत नाही. तो 'आकार' आहे, 'जोडीदार' आहे, पण 'ही' नाही. 'ती'ला पर्याय नाही, आणि ज्याच्याशी तिची गाठ आहे त्याला लिंगाची गरजही नाही, इतकी ही जोडी विषम आहे.

मराठी अनुवादकापुढे नेमका येथेच पेच उभा राहतो. 'आगबोट' स्त्रीलिंगी आणि 'हिमनग' पुल्लिंगी, म्हणजे मराठी व्याकरण हे लग्न फुकटात लावून देते. ही सोय धोक्याची आहे. हार्डीने जे सातव्या कडव्यापर्यंत राखून ठेवले आणि हिमनगाच्या बाबतीत दिलेच नाही, ते मराठीत नामांबरोबरच येऊन जाते. दुसरा मोह अधिक सूक्ष्म. परस्परांना अपरिचित असे दोघे, त्यांच्यामधला पडदा, तिसऱ्यानेच ठरवलेला क्षण आणि एका उच्चारासरशी घडणारी भेट : या रचनेत मराठी कानाला अंतरपाट आणि 'सावधान' ऐकू न येणे कठीण. रचना जुळते; पण अंतरपाटाबरोबर अक्षता आणि मांगल्यही येते, आणि त्याचा उपरोध हार्डीच्या कोरड्या उपरोधापेक्षा फार ओला होईल.

'जहाज' हा नपुंसकलिंगी शब्द निवडणे त्यामानाने अधिक विचारी ठरेल. मराठीतले 'ते जहाज' हेच, वाचकाच्या लक्षात न येण्याच्या बाबतीत, इंग्रजीतल्या झिजलेल्या 'शी'च्या सर्वांत जवळ आहे. पहिल्या पाच कडव्यांत 'ते' राहू द्यावे आणि मग 'उपवर', 'स्थळ' असे शब्द येताच त्या नपुंसकात स्त्री उमटावी. धक्का शाबूत राहील. मात्र एक हानी अटळ आहे. पहिल्या कडव्यात जहाज तळाशी पहुडल्याचे सांगणारे हार्डीचे क्रियापद शय्येची आठवण देणारे आहे, आणि शेवटचे कडवे वाचून मागे फिरणाऱ्या वाचकालाच ते कळते; 'ते'ने सुरुवात केलेल्या मराठी कवितेत ही परतीची वाट बंद होते, आणि 'आगबोट' घेतली तर ती पहिल्यापासूनच उघडी पडते.