कळसूबाई: 1646 मीटर आणि एक अट

कळसूबाईचे ट्रेकवृत्तांत मी ढीगभर वाचलेत, एक स्वतःही लिहिलाय. सगळे सारखेच. बारी गावातून पहाटे सुरुवात, लोखंडी शिड्या, 1646 मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, मग देवळासमोर सेल्फी आणि ‘शब्दांत न मावणारा’ नजारा. अहो, मावत नसेल तर लिहिता कशाला? अलंग-मदन-कुलंगची रांग, भंडारदऱ्याचं पाणी, रतनगड, एवढी नावं नीट घेतली तरी चित्र उभं राहतं.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. देऊळ आपण एका ओळीत उरकतो. दंतकथा सांगते, काळसू ही कोळ्याची पोर. पाटलाच्या घरी कामाला राहताना तिने अट घातली: अमुक काम करीन, अमुक नाही. पुढे घरात पाहुणे वाढले, अट मोडली. तशी ती उठली आणि डोंगरावर जाऊन राहिली. तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला तो काळदरा. म्हणजे इथल्या जागांच्या नावांतच एका मुलीचं घरकाम बसलंय! माझ्या वृत्तांतात हे सगळं ‘स्थानिक आख्यायिका’ या दोन शब्दांत संपलं होतं. शिड्यांना मात्र मी तीन परिच्छेद दिले होते.

नवरात्रात आसपासच्या गावांतल्या बायका ओटी घेऊन वर चढतात. काम टाकून निघून आलेल्या त्या मुलीला भेटायला. आणि आम्ही त्यांना म्हणतो, मावशी, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय.