नाद लाकडात की जीवेत?

इलेक्ट्रिक बास गिटारची चर्चा निघाली की वादक आणि विक्रेते आधी लाकडाचे नाव घेतात. अ‍ॅशचा आवाज लखलखीत, आल्डरचा भरीव, महोगनीचा घुमारदार. आपल्याकडच्या तंबोऱ्यावरील लेखनातही तुणीचे लाकूड आणि भोपळा यांचेच गुणगान अधिक असते. या समजुतीकडे चिकित्सक नजरेने पाहण्याचे साधन आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या जवळच निर्माण झाले आहे. यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला देवगिरीत असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला.

त्यातील वाद्याध्यायात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे. दांडी खैराची, तीन हात लांब. पण शार्ङ्गदेव लाकडापाशी थांबत नाही. घोडीवर धातूची पत्रिका, मधोमध किंचित उंच. आणि तार व पत्रिका यांच्यामध्ये बांबूची बारीक कपची. तिचे नाव जीवा. आज तंबोऱ्याच्या घोडीवर सरकवतो त्या सुताचे काम तेच आहे. सन 1921 मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी दाखवले, की रुंद, वक्र घोडीमुळे तंबोऱ्यात एरवी ऐकू येऊ नयेत असे उपस्वरही उमटतात. म्हणजे नादाचा रंग ठरतो तारेच्या टोकाशी. भोपळा तो हवेत पोचवतो.

बासमध्ये हे आणखी स्पष्ट होते. सन 1951 च्या फेंडर प्रिसिजन बासचे अंग भरीव लाकडाचे होते. चुंबकीय पिकअप हवेचे नव्हे, पोलादी तारेचे कंपन टिपतो. लाकूड तारेची जेवढी ऊर्जा शोषून घेईल, तेवढाच त्याचा आवाजात वाटा. तो शून्य नाही: अनेक बासवर सर्वांत उंच, 'जी' तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एखादा स्वर लवकर विझतो, कारण त्या स्वराला मानच साथीने हलू लागते. परंतु हा दोष मानेच्या ताठरपणाशी निगडित आहे, अंगाच्या लाकडाच्या नावाशी नाही. नेड स्टाइनबर्गर यांनी 1980 च्या सुमारास कार्बन-तंतूंचा, डोके नसलेला, चिमुकल्या अंगाचा बास केला. तोही बासच वाजतो.

मग लाकूड आणि घडण व्यर्थ का? मुळीच नाही. त्यांचा खरा अधिकार वादकाच्या शरीरावर चालतो. वरचे शिंग आखूड असले की पट्टा मागे पडतो, मान खाली झुकते आणि डावा हात स्वर दाबण्याऐवजी वाद्य तोलत बसतो. वजन खांद्याला कळते, कड मनगटाला. थकलेला हात वेगळे वाजवतो. तेवढ्यापुरता घडणीचा परिणाम आवाजावरही होतो.

माझा आक्षेप श्रेयाच्या वाटणीवर आहे. लाकडाच्या नावाला किंमत मोजणाऱ्या विद्यार्थ्याने आधी वाद्य अर्धा तास गळ्यात घालून उभे राहावे, मग तारा, घोडी आणि पिकअपची जागा पाहावी. सन 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद आहेच. पण जवारी काढणाऱ्या कारागिराचा कान आणि कानस पुढच्या पिढीकडे गेली नाहीत, तर तुणीची लाकडे आणि भोपळे कितीही जमवले तरी त्यांतून तंबोरा बोलणार नाही. शार्ङ्गदेवाने त्या कपचीला जीवा म्हटले आहे, ते विचारपूर्वकच.