पणजोबाचा कागद आणि अठरा जणांचा डीएनए

मागच्या आठवड्यात वाशीमला घरी होतो. आतेभावाच्या जात पडताळणीचं काम सुरू आहे, त्यामुळे घरात जिकडे पाहावं तिकडे कागद. चहा पिता पिता तो म्हणाला, "दादा, ते थुंकी पाठवून डीएनए टेस्ट करतात ना, त्यात आपल्यात बाहेरचं काही निघालं तर तिकडचा पासपोर्ट भेटते का?"

सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री वाटलं की प्रश्न हसण्यासारखा नाही. पूर्वजांच्या नावावर नागरिकत्व मिळतं, हे खरं आहे. डीएनएमधून पूर्वजांबद्दल कळतं, हेही खरं आहे. मग ही दोन वाक्यं जोडून तिसरं का काढता येत नाही? रिसर्चला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगता आलं पाहिजे. म्हणून आज एक पेपर घेऊ. त्याचा विषय मराठी बोलणारा एक समाज आहे, त्यामुळे आपल्याला तो जवळून वाचता येईल.

पेपर 2016 च्या मार्चमध्ये 'प्लॉस वन' या जर्नलमध्ये आला. यडाएल वाल्डमन आणि सहकाऱ्यांचा. मथळ्याचा सार असा: भारतातल्या बेने इस्राएल लोकांच्या जनुकांत ज्यू आणि भारतीय, दोन्ही वंशांचा भरीव वाटा दिसतो.

आधी माणसं, मग डेटा

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यातले ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावात नाव पडलं 'शनिवार तेली'. आडनावं गावांवरून: दिवेआगरचे दिवेकर, पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर. त्यांची परंपरा सांगते की दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. 1948 नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. तिथे त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही चालवलं.

पेपरमध्ये या समाजातल्या 18 जणांच्या जनुकीय माहितीची तुलना इतर 41 ज्यू, भारतीय आणि पाकिस्तानी समाजांतल्या 486 जणांशी केली आहे. निष्कर्ष थोडक्यात असे. हा समाज भारतीय गटांच्या जवळ बसतो, पण त्याच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंशी जुळणारा वाटाही आहे. हे मिश्रण साधारण 19 ते 33 पिढ्यांपूर्वी झालं. त्यात ज्यू वाटा पुरुषांकडून जास्त आला आणि स्थानिक वाटा स्त्रियांकडून. पुढे समाज लहान राहिला, लग्नं आपसात झाली, त्यामुळे काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढू शकतो.

पेपर प्रामाणिक आहे. लेखकांनी 'मिश्रण' हा शब्द लपवलेला नाही आणि आजारांचा मुद्दा तर लोकांच्या थेट उपयोगाचा आहे. माझे आक्षेप तीन आहेत. दोन वाचणाऱ्यांवर, एक लिहिणाऱ्यांवर.

आक्षेप पहिला: अठरा म्हणजे किती?

'फक्त अठराच?' असं म्हणून पेपर उडवून लावणं सोपं आहे, पण ते चूक आहे. इथे प्रत्येक माणसाच्या जनुकातल्या लाखो जागा तपासता येतात, आणि प्रत्येक माणूस आपल्या शेकडो पूर्वजांचे तुकडे घेऊन फिरत असतो. गटाचा इतिहास सांगायला अठरा जण पुष्कळ काही देतात.

पण ते उत्तर गटाचंच राहतं. उद्या कोणी पेणकर आडनावाचा मुलगा येऊन म्हणाला, 'मी बेने इस्राएल आहे का ते सांगा,' तर हा पेपर त्याला उत्तर देत नाही. सरासरीवरून एका माणसाचा निकाल लावता येत नाही. वाशीम जिल्ह्यातल्या सोयाबीनच्या सरासरी उत्पन्नावरून तुमच्या काकांच्या वावरात किती पोती झाली हे सांगता येत नाही, तसंच.

आक्षेप दुसरा: मिसळले कधी, आले कधी?

19 ते 33 पिढ्या. एक पिढी 25 वर्षांची धरली तर 475 ते 825 वर्षं. 30 ची धरली तर 570 ते 990. म्हणजे वर्षांचा आकडा अर्धा डेटातून येतो आणि अर्धा आपल्या गृहीतकातून. पेपरमध्ये वर्षं दिसली की 'पिढी किती वर्षांची धरली?' हे आधी शोधा.

त्याहून मोठी गोष्ट अशी की ही तारीख मिसळण्याची आहे, येण्याची नाही. लोक आधी येऊन शेकडो वर्षं आपसातच लग्न करत राहिले असतील, किंवा आले आणि लगेच मिसळले असतील, किंवा थोडे थोडे अनेकदा आले असतील. त्यामुळे 'दोन हजार वर्षांची परंपरा खोटी ठरली' हेही या पेपरवरून म्हणता येत नाही आणि 'खरी ठरली' हेही नाही.

आक्षेप तिसरा: मथळ्यातले दोन डबे

हा लेखकांवर आहे. मथळ्यात एका बाजूला 'ज्यू' आणि दुसऱ्या बाजूला 'भारतीय'. पहिला शब्द समाजाचा आणि धर्माचा, दुसरा प्रदेशाचा. हे एकमेकांचे विरुद्ध शब्द नाहीत. रेवदंड्याचा बेने इस्राएल माणूस शतकानुशतकं दोन्ही होता.

मग मशीनला हे दोन डबे कुठून मिळाले? आपणच दिले. तुलनेसाठी घेतलेल्या नमुन्यांवर 'ज्यू' आणि 'भारतीय' अशी लेबलं आधी लावली होती. गणित झालं, लेबलं उत्तरात परत आली, आणि आता ती निसर्गाने दिल्यासारखी दिसतात. गणित चुकलं असं मी म्हणत नाही. डब्याचं नाव हा निष्कर्ष नसतो, ती मांडणी असते, आणि मथळ्यात ती निष्कर्षासारखी दिसते.

याची किंमत काय, ते पुरुष-स्त्रियांच्या मुद्द्यावर दिसतं. ज्यू वाटा बापांकडून जास्त, स्थानिक वाटा आयांकडून. पण ज्यू धर्मशास्त्रात ज्यूपण आईकडून येतं! म्हणजे 'डीएनएने सिद्ध केलं, हे ज्यूच आहेत' म्हणून जो डेटा पुढे करता येईल, तोच डेटा धर्मशास्त्राच्या फुटपट्टीने त्यांच्याविरुद्धही उभा करता येईल. आकडे एकच, निकाल दोन. मग निकाल डेटाने दिला की फुटपट्टीने?

पासपोर्ट देणारा काय मोजतो?

आतेभावाच्या प्रश्नाकडे येऊ. इस्राएलचा 'परतीचा कायदा' 1950 चा. ज्यू व्यक्तीला तिथे येऊन स्थायिक होण्याचा हक्क त्याने दिला. 1970 च्या दुरुस्तीने ज्यू म्हणजे ज्यू आईच्या पोटी जन्मलेला किंवा धर्म स्वीकारलेला अशी व्याख्या केली, पण येण्याचा हक्क ज्यू माणसाच्या मुलांना आणि नातवंडांनाही दिला, मग नातं बापाकडून असलं तरी.

बेने इस्राएल लोकांना या कायद्याने प्रवेश मिळाला. खरी अडचण लग्नात आली, कारण तिथे लग्न धर्मपीठाच्या हातात. 1962 मध्ये धर्मपीठाने फर्मान काढलं: बेने इस्राएल व्यक्तीचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी आईकडच्या पिढ्या शक्य तितक्या मागे जाऊन तपासा. नागरिकत्व हातात आहे, पण आईची आई कोण ते सिद्ध करा! लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेमला धरणं धरलं. 1964 च्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि धर्मपीठाला फर्मानातून त्यांचं नाव काढावं लागलं.

पेपर आला त्याच्या 52 वर्षं आधी हा प्रश्न लोकांनी आंदोलनाने सोडवला होता.

आता उलटी बाजू. भारतात दोन पासपोर्ट चालत नाहीत. नागरिकत्व कायदा 1955 च्या कलम 9 नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, आणि परदेशी पासपोर्ट घेणं हा त्याचा निर्णायक पुरावा धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये तो नियम वैध ठरवला. त्याऐवजी आपण ओसीआय कार्ड देतो. नावात नागरिकत्व आहे, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. पात्रता पणजोबा-पणजीपर्यंत जाते. इस्राएलमध्ये सक्तीची लष्करी सेवा केलेल्यांना हे कार्ड मिळायला अडचण होती. 2017 च्या भेटीत पंतप्रधानांनी त्यांनाही ते देऊ असं जाहीर केलं.

म्हणजे बघा, पेणची एकच पणजी. इस्राएलच्या कागदात ती 'ज्यू', भारताच्या कागदात ती 'भारतीय'. पेपरने जे दोन डबे वेगळे ठेवले, ते इथे एकाच बाईच्या नावावर आहेत.

गोव्याचं उदाहरण तर आणखी स्पष्ट आहे. गोव्याच्या माणसाला पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो तो पोर्तुगीज रक्तामुळे, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. आजोबा 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मले एवढं पुरतं, मग घरात गणपती बसत असो की नाताळ होत असो. ती जन्मनोंद लिस्बनला नोंदवावी लागते. गंमत अशी की भारताच्या 1962 च्या आदेशानेही त्याच जन्मनोंदीवरून, आईवडील आणि आजी-आजोबांपर्यंत मागे जाऊन, त्या लोकांना भारतीय नागरिक ठरवलं होतं. आता नातवाने लिस्बनला नोंद केली की पोर्तुगाल म्हणतो 'जे होतंच ते नोंदवलं', भारत म्हणतो 'नव्याने घेतलं, आता आमचं संपलं'. यात जनुकं कुठेच नाहीत.

मग डीएनएचा काहीच उपयोग नाही का? आहे की. 1985 मध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनए फिंगरप्रिंटिंग प्रत्यक्ष प्रकरणात पहिल्यांदा वापरलं ते गुन्ह्यासाठी नाही. घानाहून ब्रिटनला परतलेला एक मुलगा खरंच त्या बाईचा मुलगा आहे का, यावर अधिकाऱ्यांना शंका होती. डीएनएने तो तिचाच असल्याचं दाखवलं आणि मुलगा घरी राहिला. पण तिथे विचारलेला प्रश्न होता 'हा हिचा मुलगा का?' 'हा कोणत्या लोकांपैकी?' हा नव्हता. पहिल्याचं उत्तर रक्त देतं. दुसऱ्याचं कायदा ठरवतो.

परत वाशीम

हे आपल्याला लांबचं वाटायला नको. आतेभावाच्या टेबलावर हेच चाललंय. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 ही तारीख, त्याआधीचे पुरावे हवेत. शपथपत्रावर वंशावळ, पणजोबाच्या शाळेचा दाखल खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकातली जन्माची नोंद. आमच्या पणजोबांचं नाव एका कागदावर आडनावासकट आहे, दुसऱ्यावर नुसतं नाव आणि बापाचं नाव. त्यात वाशीम 1905 पर्यंत वेगळा जिल्हा, मग अकोल्यात, मग 1 जुलै 1998 पासून पुन्हा वेगळा. माणूस गावातून हलला नाही, पण कागदावरचा जिल्हा दोनदा बदलला. माझ्या वेळी हे दोन कागद एकाच माणसाचे आहेत हे पटवायला सात महिने गेले, आणि माझी एक प्रवेशफेरी हुकली.

तेव्हा मला राग आला होता, की सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट कागदाला कशी माहीत नाही. आज वाटतं, रिसर्च मेथडॉलॉजीचा पहिला धडा मला तिथेच मिळाला. 'पूर्वज' हा शब्द एकच, पण समिती कागद मोजते, धर्मपीठ आईची आई मोजतं, लिस्बन जन्माचं ठिकाण आणि तारीख मोजतं, आणि वाल्डमनचा पेपर जनुकांचे सारखे तुकडे मोजतो. यातलं कुठलंच खोटं नाही. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला चिकटवलं की खोटं सुरू होतं, आणि मग कोणाचं लग्न अडतं, कोणाचा प्रवेश.

म्हणून पीएच.डी.च्या मुलाखतीला जाणाऱ्यांना एक अभ्यास देतो. तुमच्या आवडीचा एक पेपर घ्या. मथळ्यातलं सगळ्यात वजनदार नाम अधोरेखित करा: वंश, ताण, गरिबी, गुणवत्ता, काहीही. मग मेथडच्या भागात जाऊन बघा, ते नाम नक्की कशाने मोजलंय. दोन्ही एका ओळीत शेजारी शेजारी लिहा. तुमच्या स्वतःच्या प्रपोजलवरही हेच करा. ती ओळ वाचून तुम्हालाच अवघडल्यासारखं झालं, तर मथळा बदला.

आतेभावाला मी उत्तर दिलं, "नाही भेटत." तो म्हणाला, "मग हे वंशावळीचं तरी बघ ना जरा, पणजोबाच्या नावात ह्रस्व-दीर्घ वेगळं आहे." आम्ही पुन्हा कागद पसरले.