नागपूर करार व खानदेश : एक कागदपरीक्षण

जुन्या तहनाम्याची परीक्षा करताना आपण तीन प्रश्न विचारतो : कागद कोणी कोणास लिहून दिला, त्यातील कोणती कलमे पुढे टिकली, आणि नाव यावयास हवे असून ते आले नाही असा कोण? ता. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराची चर्चा आजवर बहुधा वकिली बाण्याने झाली. तोही कागद याच कसोटीवर घासून पाहावा, असे आम्हांस वाटते.

मोठ्या राज्यात दाखल होताना अटी लिहून घेणे हे खानदेशच्या वाट्यास क्वचितच आले. इ. स. १६०१ त असीरगड पडला व फारुकींचे राज्य मोगल पातशाहीत गेले, तेव्हा अटी घालण्याजोगे बळ बहादूरखानापाशी उरले नव्हते. सुभ्याचा आकार १,२६,४७,०६२ वऱ्हाडी टंके देऊन, असीर घेतल्यावर तो दीडपट केला, अशी नोंद आईने अकबरीत आहे. बिनकरारी प्रवेशाची ही किंमत होय.

१९५३ साली मुंबई, मध्यप्रदेश व हैदराबाद या राज्यांतील मराठी मुलूख एकत्र आणण्याचे ठरले, तेव्हा नव्याने येणारे सावध होते. महाविदर्भ, मराठवाडा व उर्वरित राज्य असे तीन घटक मानावे. निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावा. मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष द्यावे. नागपुरास उच्च न्यायालयाचे पीठ असावे व दरसाल विधिमंडळाचे एक अधिवेशन भरावे, असे त्यांनी लिहून घेतले.

आता १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले ३७१ (२) हे कलम शेजारी ठेवावे. पाठभेद लक्षणीय आहे. लोकसंख्येचे प्रमाण गेले व समन्यायी वाटप आले. तेही संपूर्ण राज्याच्या गरजांच्या अधीन. अधिवेशनाचा उल्लेखच नाही. विकास मंडळे प्रत्यक्षात १९९४ साली स्थापन झाली व त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. उलट नागपूरचे पीठ टिकले आणि घटनेत नसलेले अधिवेशनही बहुतेक वर्षी भरत आले. तात्पर्य, डोळ्यांस दिसणारे कलम मोडणे कठीण. दरसाल हिशेब मागणारे कलम सहज सैल होते. करारास निव्वळ फसवणूक म्हणणारे व त्यास पवित्र वचन मानणारे, दोघेही हा भेद विसरतात.

तिसरा प्रश्न आमच्या घरचा आहे. पूर्व व पश्चिम खानदेश हे जिल्हे मुंबई राज्यात आधीच होते. ते नव्याने कोठे दाखल झाले नाहीत. म्हणून त्यांच्या नावे एकही अट पडली नाही. दोन्ही कागदांत ते ‘उर्वरित’ या एका शब्दात मुंबई-पुण्याबरोबर बसले. त्या सरासरीत साक्री-शिरपूरच्या डोंगरपट्ट्याची उणीव कशी दिसावी? पुढे १९६० साली जिल्ह्यांची नावे जळगाव व धुळे झाली आणि खानदेश हे नावही सरकारी यादीतून गेले.

नवा घटक घेताना जुन्या घटकाशीही तह करावा लागतो, हा या कागदाचा न लिहिलेला धडा आहे. संग्राहकांनी फर्माने व महजर जसे जपले, तसेच १९५३ ते १९६० मधील येथील ठराव, निवेदने व पत्रव्यवहारही जपावे. ज्याचा कागद नाही, त्याची अट पुढच्या तहातही पडत नाही.